मणी-खड्यांचे जुने फ्रेंच स्वेटर सांभाळताना या चुका टाळा

फ्रेंच फॅशन डिझायनर सोनिया रिकिएल यांनी १९६८ मध्ये पॅरिसच्या सँ-जर्मां-दे-प्रे भागात दुकान उघडले आणि पुढच्या दशकांत विणलेला स्वेटर, त्यावर चमकत्या खड्यांनी लिहिलेल्या शब्दांसह, संध्याकाळच्या समारंभांतही मिरवू लागला. त्या काळातले मणीकामाचे फ्रेंच स्वेटर आजही विकत मिळतात. मात्र चुकीच्या निगेने ते लवकर खराब होतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे हँगर. वीण लवचीक असते आणि काचमणी जड, त्यामुळे सारा भार खांद्यांवर आला की वीण ताणली जाते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. स्वेटर सपाटच ठेवावा आणि मणी एकमेकांवर घासू नयेत म्हणून घडीत धुतलेली मलमल घालावी.

सुटलेला दोरा कधीही ओढू नये. फ्रान्सच्या लोरेन प्रांतातील लुनेव्हिल गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पॅरिसच्या लेसाजसारख्या भरतकामाच्या कार्यशाळांनी जोपासलेल्या पद्धतीत आकड्याच्या सुईने, उलट्या बाजूने, साखळी टाक्यात मणी बसवतात. आपल्या आरीकामाची ती जवळची नातलग आहे. या टाक्याचे शेवटचे टोक ओढले गेले, तर मण्यांची ओळच्या ओळ सरसर उसवते. म्हणून स्वेटर उलटा करून, शेवटचा सुटा फास शोधून, त्यातून बारीक सुईने टोक ओवून मागे गाठ मारावी. गळलेले मणी पुन्हा बसवताना नवा दोरा मात्र थोडा सैल ठेवावा, कारण डोक्यातून घालताना वीण ताणली जाते आणि घट्ट दोरा तेव्हाच तुटतो.

रिकिएल यांच्या अनेक स्वेटरांत शिवणी मुद्दाम बाहेर असतात आणि कडा न दुमडलेल्या. तो दोष समजून शिंप्याकडून ‘दुरुस्त’ करून घेणे म्हणजे त्या कपड्याची ओळखच पुसणे होय.

ड्रायक्लीनिंगला दिले की काळजी मिटली, हाही गैरसमज आहे. त्यातील द्रावणाने काही प्लॅस्टिकचे मणी विरघळतात, इस्त्रीच्या वाफेने टिकल्या वाकतात आणि मागे चंदेरी मुलामा असलेले खडे पाण्याने काळवंडू शकतात. धुण्याआधी आतल्या बाजूच्या एखाद्या मण्यावर ओला पांढरा कापूस दाबून रंग सुटतो का, ते पाहावे.

डांबरगोळ्या टिकल्यांना चिकटू देऊ नयेत, कारण त्यांनी काही प्लॅस्टिक मऊ पडते. पावसाळ्यात हवाबंद प्लॅस्टिकची पिशवीही नको. ओल आत कोंडून बुरशी येते. स्वेटर सुती पिशवीत ठेवून अधूनमधून काखा, गळा आणि शिवणी तपासाव्यात, कारण घामाने मळलेल्या लोकरीला कसर आधी लागते.