चवथीचे जुने व्हिडिओ ठेवायचे कशावर?

घरात मिनीडीव्ही (हँडीकॅमच्या छोट्या) नाहीतर व्हीएचएस कॅसेटी पडून असतील, गणेश चतुर्थीची माटोळी (गणपतीवर टांगलेली फळांची आरास), घुमट (मातीचं वाद्य) वाजवत केलेली आरती, कुणाची मुंज, तर आपल्या गोव्याच्या दमट हवेत पहिलं काम म्हणजे कॅसेट उजेडात धरून बघणं. टेपच्या कडेला पांढरट काही दिसलं तर ती बुरशी, तशी प्लेअरमध्ये घालूच नका, टेप वाचणाऱ्या हेडला लागते आणि मग तिथून चांगल्या कॅसेटींनाही, आधी साफ करून घ्या.

मिनीडीव्हीचा एक तास कॉम्प्युटरवर घेतला की साधारण १३ जीबी होतो. ती मूळ फाइल तशीच ठेवायची, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला वेगळी छोटी एमपी४ करा.

आता ठेवायचं कशावर? पेनड्राइव्ह विसरा. एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी चिपवाली डिस्क, फास्ट आहे, पण वर्षानुवर्षं करंट न देता कपाटात ठेवायची वस्तू नव्हे ती, आतला चार्ज हळूहळू उतरतो आणि गरमीत जास्तच. साध्या डीव्हीडीत ज्यावर लिहिलं जातं तो रंगाचा थर (डाय) खराब होतो. एम-डिस्क, म्हणजे जास्त टिकाऊ म्हणून विकतात ती डिस्क, तिचे लोक १००० वर्षांची गोष्ट करतात, बघायला कोण राहणार म्हणा, पण निवडक चार-पाच व्हिडिओंसाठी वाईट नाही, फक्त ती लिहिणारा ब्ल्यू-रे रायटर लागतो. एलटीओ टेप, म्हणजे बॅकअपची कॅसेट, ऑफिसवाल्यांची, नव्या ड्राइव्हलाच लाखांत पैसे जातात.

म्हणून माझं मत साधी फिरणारी हार्ड डिस्क, २ टीबीची, पण दोन, आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या, एकाच लॉटमधल्या दोन्ही एकदम गेल्या तर रडायला नको. कॉपी करताना टेराकॉपीसारखं कॉपीचं सॉफ्टवेअर वापरून व्हेरिफाय करा, म्हणजे कॉपी मूळ फाइलसारखीच आहे का ते तपासा, नुसतं ड्रॅग करून सोडू नका. डिस्कवर मार्करने ती विकत घेतल्याचं वर्ष लिहा, वर्षातून एकदा, चवथीला सगळे जमतात तेव्हाच, लावून दोन-चार व्हिडिओ चालवा, आणि पाचेक वर्षांनी चालू असली तरी सगळं नव्या डिस्कवर. काम झालं की प्लग काढायचा, जूनमधली गडगडाट आपल्याला नवी नाही.

दुसरी डिस्क त्याच कपाटात ठेवली तर उपयोग काय, ती पुण्याला नाहीतर बेळगावला असलेल्या भावाकडे द्या. क्लाउड तिसरी कॉपी म्हणून ठीक, पण गूगलची फुकट जागा १५ जीबी, म्हणजे एका कॅसेटीतच फुल, आणि अकाउंट दोन वर्षं वापरलंच नाही तर ते उडवूही शकतात.

घरातली डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की बदला, आमच्याकडे पावसात ते भराभर गुलाबी होतात.