सॉगस आयर्न वर्क्स: लोखंडाच्या वाटेनं कसं बघावं

बॉस्टनच्या उत्तरेला पंधराएक किलोमीटरवर, सॉगस गावात 244 सेंट्रल स्ट्रीट या पत्त्यावर 1646 च्या सुमाराचा लोखंडाचा कारखाना आहे. प्रवेश फुकट. मात्र इमारती फक्त मोसमात, साधारण उन्हाळ्यापासून ऑक्टोबर अखेरपर्यंत, उघडतात आणि वेळा दरवर्षी बदलतात. त्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या पानावर बघूनच निघावं. हिवाळ्यात गेलात तर बंद दारं बघून परतावं लागेल.

पोचल्यावर आधी त्या दिवशीच्या मार्गदर्शित फेरीची वेळ विचारा. पाणचक्क्या दिवसभर फिरत नाहीत. फेरीतच चालवून दाखवतात. ती चुकली तर हातोडा नुसता उभाच दिसेल.

मग खाली न धावता उतारावर वरच्या बाजूला थांबा. पुलावरून भट्टीच्या तोंडात लोणारी कोळसा, दलदलीतलं लोहखनिज आणि जवळच्या नाहंट गावाहून आणलेला गॅब्रो दगड ओतत. चुनखडी हाताशी नव्हती म्हणून मळी, म्हणजे खनिजातला टाकाऊ भाग, वितळवायला गॅब्रो! कारखाना उतारावर का, तेही इथेच कळतं: माल वरून टाकायचा, वितळलेल्या लोखंडाचा रस खालून काढायचा, आणि बांध घालून अडवलेलं पाणी पन्हळांतून चाकांवर सोडायचं.

आता खाली उतरा. भट्टीच्या बुडाशी दोन प्रचंड भाते आहेत. भाते बंद पडले की आतला रस गोठून भट्टीच निकामी होई, म्हणून ती एकदा पेटली की कित्येक महिने रात्रंदिवस चालवत. समोरच्या वाळूतल्या चरांत बिडाच्या लगडी ओतल्या जात.

सर्वाधिक वेळ द्या तो फोर्जला, म्हणजे लोखंड ठोकून घडवण्याच्या जागेला. बिडात कार्बन जास्त, म्हणून घण घातला तर ते तुटतं. इथल्या भट्टीत हवेच्या झोतात पुन्हा वितळवून कार्बन जाळायचा, मऊ गोळा 500 पौंडी (सुमारे 225 किलो) हातोड्याखाली ठोकून मळी पिळून काढायची, तेव्हा कुठे घडीव लोखंडाची पट्टी तयार होते. शेजारच्या गिरणीत पट्ट्या लाटून चिरत आणि खिळ्यांसाठी सळया करत. त्या काळी अशा गिरण्या जगातच मोजक्या होत्या. चाक फिरताना मुलांना कठड्यामागेच ठेवा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा: भट्टी, फोर्ज, गिरणी ही 1954 ला पूर्ण झालेली पुनर्रचना आहे. पुरातत्त्व अभ्यासक रोलंड रॉबिन्सने 1948 पासून केलेल्या उत्खननावर ती उभी आहे. अस्सल वस्तू, म्हणजे हातोड्याचं डोकं आणि पाणचक्कीचे अवशेष, संग्रहालयात आहेत. तिथे शेवटी जा. यंत्र चालताना पाहून झाल्यावर ते तुकडे ओळखता येतात. 1680 च्या दशकातलं आयर्न वर्क्स हाउस मात्र मूळचं आहे, जरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची बरीच डागडुजी झाली. त्याची रचना बघायची असेल तर फेरीतूनच आत जा. इथे राबलेल्यांत स्कॉटलंडमधल्या डनबारच्या लढाईत (1650) इंग्रजांनी पकडलेले स्कॉटिश कैदीही होते. मार्गदर्शकाला त्यांच्याबद्दल जरूर विचारा.

नदीकाठी काळ्या, काचेसारख्या मळीचा ढीग आहे. त्यातला तुकडा खिशात टाकणं बेकायदा आहे. काठाच्या पायवाटेवर गोचिडी आणि पॉयझन आयव्ही (अंगाला लागली की खाज-पुरळ आणणारी वेल) असते, तेव्हा पूर्ण पँट घाला आणि झुडपांत शिरू नका. सगळं बघायला दीड-दोन तास पुरतात. सोबत वयस्कर आईवडील असतील तर उतार आणि पायऱ्या धरून अर्धा तास जास्त ठेवा.