व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर बदलावं का, आणि कधी?

जून 2011 मध्ये अ‍ॅपलने फायनल कट प्रो एक्स हे एडिटिंग सॉफ्टवेअर आणलं, तेव्हा त्यात आधीच्या फायनल कट 7 चे जुने प्रोजेक्ट उघडेचनात. सुरुवातीला मल्टिकॅमही, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांचं शूट एकत्र कापायची सोयही, नव्हती. कित्येक एडिटर प्रीमियर किंवा अ‍ॅव्हिड या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळले. त्यांना कारण आयतं मिळालं. आपल्याला ते तपासून घ्यावं लागतं.

आधी आठवडाभर वेळ कुठे जातो ते लिहून काढा. टाइमलाइन, म्हणजे क्लिप जिथे ओळीने मांडतो ती पट्टी, अडकत असेल तर दोष बहुधा फुटेजचा असतो. कॅमेऱ्यातलं टेन-बिट एच.265, म्हणजे खूप दाबून साठवलेलं व्हिडिओ, मशीनला जड जातं. प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवून पाहा. गाडी सुरळीत चालली, तर विषय इथेच संपला. निम्म्या लोकांचा संपतोच!

मग पुढच्या माणसाचा विचार करा. साउंडवाला एएएफ मागतो, रंग सुधारणारा कलरिस्ट एक्सएमएल; दोन्ही एडिटचा आराखडा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेणाऱ्या फाइली. तुमचं काम जिथे जातं तिथे सगळे अ‍ॅव्हिडवर असतील, तर एकट्याने बदलून डोकेदुखीच वाढेल.

पैशाचं गणित सोपं आहे. प्रीमियर भाड्याचं, तर रिझॉल्व्ह या आणखी एका सॉफ्टवेअरची स्टुडिओ आवृत्ती एकदाच विकत घ्यायची. रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही दमदार आहे, पण तिच्यातून यूएचडीच्या (3840×2160) वर आउटपुट निघत नाही.

आता चाचणी. ती हातातल्या कामावर नको. पोचतं केलेलं एखादं पाच मिनिटांचं काम घ्या आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्या. एक्सएमएलमधून कट आणि डिझॉल्व्ह (एक दृश्य दुसऱ्यात विरघळणं) नीट येतात. प्लगइन (वरून जोडलेले इफेक्ट), कलर आणि टायटल बहुतेक पुन्हा करावी लागतात. टायटलमध्ये ‘ज्योत्स्ना’ आणि ‘हृषीकेश’ टाइप करा. जोडाक्षर फुटलं किंवा वेलांटी भलतीकडे गेली, तर आधी सेटिंग बघा. प्रीमियरमध्ये ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करावं लागतं. हे न बघताच सॉफ्टवेअरला शिव्या घालणारे बरेच.

चाचणीत पास झालं तरी बदल दोन कामांच्या मधेच करा. लग्नाची कामं करणाऱ्यांनी आषाढ गाठावा. लग्नसराईत नवे शॉर्टकट शिकायला बसलात तर डिलिव्हरी लांबलीच म्हणून समजा.

जुनी वर्गणी बंद करण्याआधी प्रत्येक कामाची प्रोरेस या उत्तम दर्जाच्या फॉरमॅटमध्ये मास्टर प्रत काढा, आणि एक प्रत टायटलशिवाय. नवरदेवाच्या मामांचं नाव राहिलं, हा फोन सहा महिन्यांनीही येतो.