जीयूव्ही फुटतात? आधी ग्लुकोजच्या बाटलीवरचं लेबल वाचा

जीयूव्ही, म्हणजे पेशीएवढे लिपिडचे फुगे, बनवायची पद्धत बहुतेकांना पाठ असते. पीओपीसी (एक नेहमीचं लिपिड) क्लोरोफॉर्ममध्ये 1 मिग्रॅ/मिलि, आयटीओ म्हणजे वीजवाहक थर दिलेल्या काचेवर 10 मायक्रोलिटर, दोन तास व्हॅक्यूममध्ये वाळवून पातळ फिल्म, मग 200 मिलिमोलर सुक्रोज भरून 10 हर्ट्झचा, साधारण 1 व्होल्टचा एसी विद्युतप्रवाह, दोन तास. फुगे बनतात. रडगाणं सुरू होतं ते ग्लुकोजमध्ये सोडल्यावर.

आत सुक्रोज, बाहेर ग्लुकोज असलं की फुगे जड होऊन तळाशी बसतात, फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपमध्ये उठून दिसतात. अट एकच, दोन्हीकडची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची संहती, जुळायला हवी. आणि ग्लुकोज दोन प्रकारचं मिळतं: निर्जल, रेणुभार 180.16, आणि मोनोहायड्रेट, म्हणजे पाण्याचा एक रेणू धरून असलेलं, 198.17. 100 मिलि द्रावणाला पहिलं 3.60 ग्रॅम लागतं, दुसरं 3.96. मोनोहायड्रेट 3.60 ग्रॅम घेतलंत तर हातात 200 नव्हे, 182 मिलिमोलर येतं. पाणी आत शिरतं. बरोबरी व्हायला फुग्याचं आकारमान 10 टक्के वाढायला हवं, म्हणजे पृष्ठभाग साडेसहा टक्के. पडदा तर 3 ते 5 टक्के ताणातच फाटतो. छिद्र पडतं, सुक्रोज गळतं, छिद्र मिटतं, पुन्हा ताण.

मायक्रोस्कोपखाली मात्र सगळं गोल गरगरीत, तुकतुकीत दिसतं, म्हणून नवखा खूश होतो. तिथेच फसगत आहे. सैल, निरोगी फुग्याची कड हलकी थरथरते. कड निश्चल आणि तासाभरात कॉन्ट्रास्ट फिका, तर ग्लुकोजच संशयित.

दोन्ही द्रावणं ऑस्मोमीटरवर मोजा, ग्लुकोज सुक्रोजपेक्षा 5-10 मिलिऑस्मोल जास्त ठेवा. 'हिशोब बरोबर आहे, मोजायचं कशाला' म्हणणारे सीनियर प्रत्येक लॅबमध्ये असतात. मान डोलवा आणि मोजाच.

उलटही होतं. एअर कंडिशनरच्या झोताखाली थेंब उघडा राहिला की ग्लुकोज घट्ट होतं, फुगे सुरकुततात. चेंबर ग्रीसने बंद करा. काचेला आधी केसीनचा (दुधातलं प्रथिन) हात द्या, नाहीतर फुगे तिला चिकटून फुटतात.

मुंबईचा जुलै असेल तर उणे 20 मधली लिपिडची कुपी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. हवेतलं पाणी आत उतरतं आणि फिल्म डागाळते. क्लोरोफॉर्मला काचेचीच सिरिंज.

पहिल्या आठवड्यात 5 मायक्रॉनचे चिल्लर फुगेच मिळाले तरी घाबरू नका, फिल्म पातळ पसरायला हात बसावा लागतो. मिठाचं बफर मात्र इतक्यात नको. ते 10 हर्ट्झवर दाद देत नाही, 500 च्या आसपास जावं लागतं.