बोंडात अळी दिसत नाही? स्टिरिओ मायक्रोस्कोपच्या या चुका टाळा

यवतमाळकडच्या कापूसपट्ट्यात सप्टेंबर लागला की हिरवी बोंडं पिशवीत भरून लोक येतात. “भाऊ, गुलाबी अळी हाय का पाहा बरं.” 20 बोंडांत 2 अळ्या सापडल्या तर फवारणीची वेळ आली, असा हिशेब. म्हणून एक अळी नजरेतून सुटली तरी शेतकऱ्याचं नुकसान होतं.

पहिली चूक खरेदीतच होते. “1000 पट दिसतं” ऐकून कॉलेजातला साधा मायक्रोस्कोप आणतात. त्यात चित्र उलटं दिसतं, सुई उजवीकडे नेली की डावीकडे जाते, आणि मोठ्या लेन्सखाली एक मिलिमीटरही जागा उरत नाही. तिथे बोंड चिरणार कसं? स्टिरिओत, म्हणजे दोन्ही डोळ्यांना थोड्या वेगळ्या कोनांतून दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपमध्ये, चित्र सुलट, खोली कळते, लेन्सखाली साधारण 10 सेंटिमीटर जागा मिळते. 10 ते 40 पट पुरते.

सगळ्यात जास्त तक्रार “डोकं दुखतं, दोन-दोन दिसतं” ही. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन डोळ्यांना दिसणारे दोन गोल एक करा. मग झूम सगळ्यात मोठा ठेवून, फिरवायची रिंग नसलेल्या आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) एकाच डोळ्याने फोकस करा. आता झूम सगळ्यात लहान करा, फोकसच्या बटणाला हात लावू नका, आणि दुसऱ्या डोळ्यासाठी फक्त रिंग फिरवा. दोन मिनिटांचं काम, पण बहुतेक जण हेच टाळतात.

नुकती निघालेली अळी गुलाबी नसते. पांढरी असते, डोकं तेवढं काळपट. पांढऱ्या सरकीवर वरून उजेड मारला तर ती हरवते. दिवा बाजूने तिरपा ठेवा, सावली पडते आणि अळी उठून दिसते. खालचा दिवा पान किंवा फुलकिड्यांसाठी. हॅलोजन बोंड सुकवतो, एलईडी घ्या.

स्टिरिओचे प्रकार दोन. एक, 1890 च्या दशकात झाइस या जर्मन कंपनीने बनवायला घेतलेला ‘ग्रीनो’: दोन तिरक्या नळ्या, स्वस्त, दणकट, गावात हाच घ्या. दुसरा, एकाच मोठ्या लेन्सचा प्रकार महाग, तो मुख्यतः कॅमेरा आणि इतर उपकरणं जोडण्यासाठी.

आयपीस 20 पटीचं लावून तपशील वाढत नाही, दिसणारा भाग मात्र आकसतो.

पावसाळ्यात ओलसर खोलीत प्लास्टिकखाली झाकून ठेवलेल्या माझ्या मायक्रोस्कोपच्या लेन्सवर बुरशीचं जाळं चढलं होतं. ते पुसून निघालं नाही. आता बंद पेटीत सिलिका जेल ठेवतो, दाण्यांचा रंग बदलला की नवे टाकतो.