आधी ऊन जुळवा, मग माणूस

आत्याच्या घरच्या ग्रुप फोटोत आजोबा नव्हते, त्या दिवशी ते तापाने झोपून होते. "बाबांना माझ्या शेजारी उभं करून दे," म्हणत तिने त्यांचे चार फोटो पाठवले. त्यातला सगळ्यात देखणा फोटो मी आधी बाजूला ठेवला. तो दाराच्या सावलीत काढलेला होता आणि ग्रुप फोटो उन्हातला. सावलीतल्या चेहऱ्यावर प्रकाश चहूकडून सारखा पडतो, नाकाची सावली गालावर पडतच नाही. ती नंतर रंगवून आणता येत नाही. निदान चेहरा ओळखीचा राहील अशी तरी नाहीच. म्हणून फोटो निवडताना नाकाखालची आणि हनुवटीखालची सावली बघा. ती कुठल्या बाजूला पडली आहे आणि तिची कड धारदार आहे की विरलेली, या दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. दिशा नेमकी उलटी असेल तर फोटो आडवा फ्लिप करता येतो, पण मग भांग, घड्याळाचा हात आणि शर्टाची बटणपट्टी तपासा. घरचे लोक भांग लगेच ओळखतात.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची उंची. सपाट जमिनीवर कॅमेरा छातीच्या उंचीला धरला असेल, तर क्षितिजाची रेषा साधारण सारख्या उंचीच्या प्रत्येक उभ्या माणसाच्या छातीवरूनच जाते, मग तो जवळ असो की लांब. नवा माणूस किती मोठा ठेवायचा हे याच रेषेवरून ठरवा. आणि वरून काढलेला फोटो, ज्यात डोकं मोठं आणि पाय बारीक दिसतात, तो घेऊच नका. कटआउट, म्हणजे फोटोतून कापून घेतलेला माणूस, लागेल त्यापेक्षा मोठा असावा. लहान करता येतो, ताणला की पिठूळ दिसतो.

फोटोशॉपसारख्या प्रोग्रॅममध्ये चित्र एकावर एक ठेवलेल्या लेयरचं, म्हणजे थरांचं, बनतं. कापताना इरेजर वापरू नका, लेयर मास्क लावा. तो नको असलेला भाग पुसत नाही, फक्त झाकतो, म्हणजे चुकलेलं परत आणता येतं. कड अर्धा ते एक पिक्सेल मऊ ठेवा. किती, ते शेजारच्या माणसाच्या खांद्याची कड झूम करून ठरवा. आजोबांचे केस पांढरे, विरळ. ते एकेक कापण्याचा हट्ट मी धरला नाही. मास्क थोडा आत घेतला आणि बाहेरचे केस एक-दोन पिक्सेलच्या ब्रशने नव्या लेयरवर काढले. त्यांच्या खांद्यावर जुन्या हिरवळीची हिरवट झाक होती. वर एक लेयर क्लिप करून (म्हणजे तो फक्त आजोबांवरच लागू होतो), त्याचा ब्लेंड मोड कलर ठेवून (म्हणजे रंग बदलतो, उजेड नाही), शर्टाचाच रंग त्या कडेवर फिरवला.

रंगाला हात लावण्याआधी सगळ्यात वर ब्लॅक अँड व्हाइट अॅडजस्टमेंट लेयर टाका, म्हणजे रंग लपून फक्त उजेड-अंधार दिसतो. ० म्हणजे पूर्ण काळा आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरा या मोजणीत आत्याच्या केसांतला सर्वांत गडद भाग १८ च्या आसपास होता, आजोबांच्या बुटांचा ४. एवढ्याशा फरकाने ते कागदातून कापून चिकटवल्यासारखे दिसत होते. कर्व्ह्जमध्ये, म्हणजे उजेड-अंधार बदलायच्या आलेखात, डावं खालचं टोक वर उचललं आणि ते बाकीच्यांच्याच हवेत आल्यासारखे दिसले. उजेड जुळला की तो लेयर बंद करा आणि मग लाल, हिरवा, निळा असे चॅनेल एकेक करून जुळवा.

आता पाय. माझा निम्मा वेळ इथे जातो आणि तो जायलाच हवा. सावली एका लेयरवर भागत नाही. तळवा जमिनीला टेकतो तिथे तीन-चार पिक्सेलची जवळजवळ काळी रेघ असते. ती मल्टिप्लाय लेयरवर (तो खालचं चित्र फक्त गडद करतो) बारीक ब्रशने काढा. ती नसेल तर माणूस तरंगतो. दुसऱ्या लेयरवर लांब पडलेली सावली काढा. कटआउटची प्रत गडद करून जमिनीवर आडवी करा, पायापाशी कड स्पष्ट ठेवा आणि पुढे ब्लर वाढवत न्या. रंग शुद्ध काळा नको. उन्हातल्या सावलीत आकाशाचा निळसरपणा असतो, तेव्हा फोटोत आधीच असलेल्या सावलीतून रंग उचला. आणि सगळे विसरतात ते म्हणजे नव्या माणसाची सावली शेजाऱ्यावरही पडते. आत्याच्या बाहीवर मी आजोबांच्या खांद्याची फिकट सावली टाकली, तेव्हा कुठे ते तिच्या शेजारी उभे राहिले.

हे काम जुनंच आहे. १८५७ साली छायाचित्रकार ऑस्कर रेजलँडरने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक चित्र केलं होतं, तेही डार्करूममध्ये, एक भाग छापताना बाकीचा कागद झाकून. आपल्याला निदान अनडू आहे.

शेवटी ग्रेन, म्हणजे फोटोतले बारीक दाणे. शंभर टक्के झूम करून बघा, नवा माणूस जास्त गुळगुळीत असेल तर फक्त त्याच्यावर थोडा नॉइज, म्हणजे तसेच दाणे, टाका. मग अख्खं चित्र आडवं फ्लिप करा. डोळ्याला सवय झालेल्या चुका तेव्हा दिसतात.

लेयरची फाइल जपून ठेवा. फोटो बघून आत्या म्हणाली, "बाबांना जरा जवळ सरकव ना." सरकवायला मिनिटभर लागलं, बाहीवरची सावली मात्र मी नव्याने काढली.