कस्टडीच्या केसमध्ये मुलांशी बोलायचं कसं

फॅमिली कोर्टात समुपदेशक म्हणून नवीन आला असाल तर आधी एक सांगते, "तुला आई हवी की बाबा?" हे विचारायचंच नाही. गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्ट 1890 च्या कलम 17(3) प्रमाणे मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं, पण म्हणून आठ वर्षांच्या पोराने आईबापातला एक निवडून द्यायचा असं होत नाही ना.

मुलाला एकटं भेटा, भावंडं असतील तर वेगवेगळी. जमलं तर दोनदा, एकदा आई घेऊन येईल तेव्हा, एकदा बाबा, कारण आणणाऱ्याप्रमाणे उत्तरं बदलतात. सुरुवातीलाच सांगून टाका की माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणायचं, आणि लगेच सराव घ्या: "माझ्या मांजरीचं नाव काय?" पोरगं नाव ठोकून देत असेल तर समजा की तुम्हाला खूश करायला बघतंय, परत समजवा. "कुणाला सांगणार नाही" असलं प्रॉमिस मात्र देऊ नका, रिपोर्ट कोर्टात जातो.

मग कालचा दिवस काढा. "शाळेतून घरी आलास, पुढे?" एवढं विचारून गप्प बसायचं, अगदी अवघडल्यासारखं झालं तरी. दार कोणी उघडलं, डबा उरला म्हणून कोण ओरडलं, होमवर्कची वही कोण बघतं, ताप आला तर रात्री कोण उठतं, यातलं बरंचसं आपोआप बाहेर येतं. तसंच बाबांकडचा रविवार. लहान मुलांना "किती वेळा" आणि "कधी" नीट सांगता येत नाही, तिथे गणपतीच्या आधी की नंतर असं विचारा. तोच प्रश्न परत परत विचारला तर मुलाला वाटतं आधीचं चुकलं, आणि ते उत्तर बदलतं.

सात वर्षांची मुलगी "पप्पा मेंटेनन्स देत नाहीत, ते बेजबाबदार आहेत" म्हणाली तर दचकू नका, खोटारडी पण ठरवू नका (पढवलेलं मूलही खरं बोलत असू शकतं). "मेंटेनन्स म्हणजे काय गं?" असं सहज विचारा. घडलेली गोष्ट असेल तर जागा, कपडे, कोण काय बोललं असं काहीतरी येतं, पाठ केलेलं असेल तर बहुतेक तेच वाक्य परत येतं.

मारहाण किंवा नको तो स्पर्श निघाला तर स्वतः खोदत बसू नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा आणि लगेच जजना कळवा, लैंगिक प्रकार असेल तर पॉक्सोखाली (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

रिपोर्टमध्येही तुमचा प्रश्न आणि मुलाचं वाक्य शेजारीशेजारी लिहा.